हौदाच्या पायरीवरचं पावणं

या सदरात लोक काय काय लिहितात ते मी चार-पाच वर्षं वाचतो आहे. पिंपळावरचा मुंजा, चकव्यात सापडलेला मामा, विहिरीवर केस विंचरणारी बाई… वाचतो, हसतो, आणि मासिकावर चहाचा कप ठेवतो. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही कुणी विचारलं तर मी 'भूत नसतं' असंच सांगेन. पाणी शुद्ध करण्यात माझी सगळी नोकरी गेली. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी मीही मानतो, पण त्या पाण्यातल्या जंतूंच्या. त्यांची टेस्ट घेता येते, मुंजाची येत नाही.

मग हे पत्र का? तर परवा माझा नातू आला. शिरोलीला तो ज्यांच्या कारखान्यात आहे त्या साहेबांनी बंगल्यात पोहायचा तलाव बांधलाय. त्यात क्लोरीन किती टाकायचं, कधी टाकायचं, जास्त झालं तर काय, कमी पडलं तर काय — हे साहेबांनी 'तुझ्या आजोबांना विचार' म्हणून पाठवलेलं. मी त्याला सगळं सांगितलं. कडक उन्हात क्लोरीन उडून जातं, म्हणून संध्याकाळी टाक. झाडाचा पाला पडू देऊ नकोस, पाला क्लोरीन खातो. पोरं उतरायच्या आधी टेस्ट घेतल्याशिवाय राहू नकोस. नातू वहीत लिहून घेऊन गेला, आणि मी मात्र दोन दिवस धड जेवलो नाही. पन्नास वर्षांपूर्वी मी असाच एका घरातला हौद सांभाळत होतो.

मी महारवाड्यातला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या गोष्टीत सगळं तिथंच अडलेलं आहे.

महाराजांच्या राज्याची ती शेवटची वर्षं. जर्मनची पहिली लढाई संपून आम्ही बसऱ्याहून परत आलो होतो. तिथं माझी ड्यूटी पाण्यावर होती. नदीचं गढूळ पाणी टाक्यांत भरायचं, त्यात ब्लीचिंग पावडर कालवायची आणि टेस्ट घेऊन मगच पलटणीला प्यायला द्यायचं. टेस्टसाठी पांढऱ्या कपांची एक पेटी असायची. कपात पाणी घ्यायचं, खळीच्या औषधाचे थेंब टाकायचे. पाणी निळं झालं तर पावडर अजून पाण्यात शिल्लक आहे, म्हणजे पाणी सुरक्षित. पांढरंच राहिलं तर पावडर संपली, पाण्यातल्या घाणीनं ती खाल्ली. एवढं सोपं. अडाणी माणसालाही कळावं म्हणूनच गोऱ्यांनी ते तसं केलं होतं.

माझ्या जोडीला यल्लाप्पा नावाचा पोरगा होता, निपाणीकडचा, आमच्याच जातीचा. आम्ही त्याला यल्लू म्हणायचो, तो मला अण्णा म्हणायचा. मराठी बोलता बोलता कानडीत घुसायचा. त्याच्या डाव्या पोटरीला गुंडाळायची गणवेशाची पट्टी फाटली होती, तर त्यानं बायकोच्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून तिथं बांधला होता. घरून निघताना तो बरोबर आणलेला. सार्जंट रोज ओरडायचा, यल्लू रोज हसायचा. एकदा आम्हाला टाक्यांपासून लांबच्या चौकीवर पाठवलं, तिथं पाण्याची गाडी दोन दिवस आलीच नाही. तहान सोसेना म्हणून तो नदीचं पाणी प्याला आणि पटकीनं गेला. जो दिवसभर दुसऱ्यांचं पाणी शुद्ध करायचा, त्याला स्वतःला दोन घोट मिळाले नाहीत. त्याला आम्ही तिथंच वाळूत पुरला.

परत आल्यावर एका डॉक्टरांनी माझं नाव इनामदारांना सुचवलं. इनामदारांचा बंगला कसबा बावड्याच्या वाटेवर, उसाच्या मळ्याला लागून होता. बंगल्याच्या मागं विहीर, विहिरीवर मोट, आणि मोटेच्या पाटाला जोडून घडीव दगडाचा पोहायचा हौद. चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, पुरुषभर खोल. पूर्वेच्या अंगाला पाण्यात उतरायला सात पायऱ्या. हा हौद इनामदारांनी आपल्या मुलीसाठी बांधला होता. तिला अक्काताई म्हणत. नऊ वर्षांची पोर, लहानपणी ताप येऊन एक पाय वाळलेला. डॉक्टर म्हणाले, रोज पाण्यात पाय हलवला तर जोर येईल. आणि खरंच येत होता. मी गेलो तेव्हा ती काठी घेऊन चालायची, दोन महिन्यांत बिनकाठीची हौदापर्यंत यायला लागली.

पण त्या वर्षी बावड्यात पटकी सुरू झाली. ओढ्याला रोग्यांचे कपडे धुतले जायचे आणि ओढ्याचा पाझर इनामदारांच्या विहिरीला होता. म्हणून मी हवा होतो. संध्याकाळी पावडर टाकायची, सकाळी हौदाच्या सहा जागांचं पाणी सहा कपांत घ्यायचं, निळं झालं की अक्काताई उतरणार. पोहताना पोरांच्या पोटात पाणी जातंच. ते निळं असणं म्हणजे त्या पोरीचा जीव — इतका सरळ हिशेब होता.

आता माझ्या ड्यूटीचे नियम ऐका. पावडर माझ्या हातची चालायची, कारण इनामदार म्हणाले, "औषधाला शिवाशिव न्हाय." पण मी पायरीवर पाय द्यायचा नाही, आणि पाण्यात तर बोटही घालायचं नाही. माझी सावली जरी पडली तरी आईसाहेब, म्हणजे इनामदारांच्या मातोश्री, माडीवरून ओरडायच्या. कपात पाणीसुद्धा मारुतीदा माळी हातभर उंचावरून तांब्यानं ओतायचा. महाराजांचा हुकूम होता की सरकारी पाणवठ्यावर शिवाशिव पाळायची नाही. इनामदार दरबारात त्या हुकमाची तारीफ करायचे आणि 'आमच्या हौदावर महार माणूस आहे' असं छाती फुगवून सांगायचे. हौद खाजगी होता, तिथं हुकूम त्यांचा.

असो. राग आला की मी भरकटतो.

पहिल्यांदा ते घडलं एका मंगळवारी, सकाळी आठच्या सुमाराला. लख्ख ऊन होतं. मी अजून पेटी उघडली नव्हती. अक्काताई आली, हौदापासून दहा पावलांवर थांबली आणि म्हणाली, "केरबा, मी आज न्हाय उतरणार."

"का वं अक्काताई?"

"पायरीवर पावणं बसल्यात की."

मी बघितलं. पायरीवर कुणी नव्हतं. मारुतीदानं बघितलं. मला वाटलं पोर आळसानं काहीतरी सांगतेय. टेस्ट घेतली… सहाच्या सहा कप पांढरे. आदल्या संध्याकाळी मी मोजून पावडर टाकली होती, निम्मी तरी शिल्लक राहायला हवी होती. मी तिला पाण्यात जाऊ दिलं नाही. हौदावर झुकलेल्या लिंबाच्या पाल्याला शिव्या घातल्या, डब्याचं झाकण सैल राहिलं असेल म्हणून स्वतःला शिव्या घातल्या, आणि संध्याकाळी जास्त पावडर टाकली. बुधवारी सगळे कप निळे.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. आधी पोर म्हणाली पावणं बसल्यात, मग कप पांढरे निघाले. तिसऱ्या मंगळवारी मी तिला गंमत म्हणून विचारलं, "कसं हायत हो तुमचं पावणं?"

"शिपाई हायत. पाण्यात पाय सोडून बसत्यात. पायाला पट्ट्या हायत, भिजल्या तरी काढत न्हाईत. एका पट्टीला आमच्या काकीच्या लुगड्यावाणी हिरवा काठ बांधलाय."

मी हातातला कप पेटीत ठेवला. मी विचारलं, कुठल्या पायाला. तिनं स्वतःच्या वाळलेल्या पायावर हात ठेवला. तो डावा होता.

"बोलत्यात काय?"

"ब्याड, ब्याड म्हणत्यात. मला बघून हात हलवत्यात. ब्याड म्हंजे काय रं?"

कानडीत त्याचा अर्थ 'नको'. यल्लूचं नाव मी त्या बंगल्यात कुणाकडं काढलं नव्हतं. तिथं मला 'कुठं होतास लढाईत' असंसुद्धा कुणी कधी विचारलं नव्हतं. आणखी एक गोष्ट तेव्हा मला लागली, तीही लिहितो. नऊ वर्षांची पोर मला अरे-तुरे करायची, ते घराण्याचं वळणच होतं. पण यल्लूला ती 'पावणं' म्हणत होती. जिवंत असताना कुणी त्याला पावणं म्हटलं नव्हतं.

तरीही मी मानलं नाही. मंगळवारीच का, याचा छडा लावायचा ठरवला. मारुतीदाला खोदून खोदून विचारलं. तो आधी नजर चुकवत राहिला, मग म्हणाला, "केरबा, माझं नाव घिऊ नगंस. सोमवारी तू पावडर टाकून गेलास की भटजी येतंय. पंचगव्य वततंय हौदात. घागरभर गोमूत्र, शेणकाला, दूध, दही, तूप… आठवड्याचा तुझा विटाळ धुवून काढायचा म्हणून. आईसाहेबांचं काम हाय, पर मालकास्नी ठावं हाय."

हसावं की रडावं कळेना. मी हौद शुद्ध करायचो, आणि माझ्या शुद्ध करण्यानं तो बाटला म्हणून हे लोक तो पुन्हा शुद्ध करायचे! शेणामुतानं सगळी पावडर रातोरात खाऊन टाकली होती. कप पांढरे राहणार नाहीत तर काय?

तुमच्यातला एखादा म्हणेल, पोरगी घरातलीच, तिनं सोमवारचं पंचगव्य बघितलं असेल आणि मनात काहीतरी धरलं असेल. मीही हेच म्हणालो. पण एका गुरुवारी दरबारची दोन माणसं हौद बघून गेली. त्यांच्यासमोर मला पहिल्या पायरीच्या अगदी काठाला उभं केलं होतं, म्हणून त्याच संध्याकाळी आईसाहेबांनी जादा पंचगव्य ओतवलं. अक्काताई त्या दिवशी पन्हाळ्याला मामाकडं होती. शुक्रवारी सकाळी टांगा फाटकातून आत आला, ती उतरली, आणि हौदाकडं बघून तिथूनच ओरडली, "आज पावणं बसल्यात!" कप पांढरे निघाले. मारुतीदानं मला आदल्या दिवसाचं सांगितलं ते त्यानंतर.

मी इनामदारांकडं गेलो. व्हरांड्याखाली उभा राहून सांगितलं, "सरकार, पंचगव्य ओतलं की पावडर मरते. गावात पटकी आहे. पोरीच्या जिवाशी खेळ आहे."

ते आधी गोरेमोरे झाले, मग चिडले. "गाईच्या वस्तूनं पाणी बिघडतंय म्हणतोस? आणि तुझ्या डब्यातल्या चुन्यानं सुधारतंय?"

"सरकार, कप बघा. मी खोटं बोलेन, कप बोलणार न्हाईत."

"तू तुझं काम बघ. आमच्या घरातलं आमी बघतो. आणि ह्यातलं अक्षर बावड्यात ऐकू आलं तर तुझी खैर न्हाय."

पावण्याचं मी त्यांना सांगितलं नाही. ते पोरीनंच आजीला सांगितलं, भाबडेपणानं. झालं… घरात हलकल्लोळ. महाराची करणी! मेलेला महार पाण्यात पाय सोडून बसलाय! त्या शनिवारी तिप्पट पंचगव्य पडलं. आणि रविवारी सकाळी दरबारची मंडळी आणि एक गोरा साहेब हौद बघायला येणार होते. घरचा हौद, त्यात विलायती पद्धतीनं शुद्ध केलेलं पाणी, त्यात पोहणारी मुलगी आणि काठावर महार नोकर — सगळा देखावा मांडायचा होता.

रविवारी मी उजाडताच कप लावले. पांढरे. दुधासारखे पांढरे. मी पावडर टाकायला निघालो तर इनामदारांनी डबा काढून घेतला. वासानं पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी येईल म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "साहेबाम्होरं कप निळं दिसलं पायजेत. कपात आधीच चिमूटभर पावडर टाकून ठेव."

मी ठेवली.

हे वाक्य मी आजवर कुणापुढं बोललो नाही. बायकोपुढंसुद्धा नाही. मी सहा कपांत चिमूट चिमूट पावडर टाकली, मारुतीदानं वरून पाणी ओतलं, मी थेंब टाकले. सुंदर निळा रंग आला. गोरा साहेब 'व्हेरी गुड' म्हणाला. इनामदार म्हणाले, "उतर बेटा."

अक्काताई हलली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. "केरबा, पावणं आज बसल्यालं न्हाईत. उभं ऱ्हायल्यात. गुडघाभर पाण्यात उभं ऱ्हाऊन दोन्ही हात आडवं धरल्यात. मी कशी जाऊ?"

मंडळी हसली. इनामदारांनी तिचा दंड धरला. मी काठावर उभा होतो, हातात निळा कप. "सरकार, आज नको" — एवढं मी म्हणालो. अगदी हळू. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. पोर पायऱ्या उतरली. तिसऱ्या पायरीवर ती जराशी कडेला सरकली, जसं आपण कुणाला धक्का न लागता जावं म्हणून सरकतो. मग पोहली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी तिला ढाळ-वांती सुरू झाली. बुधवारी दुपारी ती गेली.

'महाराच्या पावडरीनं पोरीला विष झालं' असं बंगल्यातून उठलं आणि गावभर पसरलं. मला इतकं मारलं की माझा डावा कान तेव्हापासून कामातून गेला. मारुतीदा गप्प राहिला. त्याला पोरंबाळं होती, मी त्याला दोष देत नाही. थोडा देतो. पुढं बऱ्याच वर्षांनी तो मला मंगळवारच्या बाजारात भेटला, तेव्हा त्यानं सांगितलं की शेवटच्या दिवशी पोर आजीला एकच सांगत होती — पावण्यांना पाण्यातून उठवू नगासा, त्यांनी मला सांगितलं हुतं, बाबांनी ऐकलं न्हाय. इनामदारांनी पुढं तो हौद मातीनं बुजवून टाकला. विहीर मात्र ठेवली.

ती काय होती, तो कोण होता, हे मला आजही सांगता येत नाही. हिरव्या काठाचं तिला कुणी सांगितलं? पन्हाळ्याहून येणाऱ्या पोरीला आदल्या संध्याकाळचं पाणी कसं कळलं? मी खूप माणसांना विचारलं. शिकलेल्यांनी योगायोग म्हटलं, अडाण्यांनी आत्मा म्हटलं. मला दोन्ही पटत नाही.

पण दुसरी एक गोष्ट मला कळली आहे. ती कळायला फार उशीर झाला… नोकरी संपल्यावर, एका सकाळी अशीच कळली. यल्लू मला दिसत नव्हता, म्हणून तो पोरीकरवी मला दाखवत होता. दर वेळी ती मला तेच सांगत होती — तो पाण्यात पाय सोडून बसलाय. मी ऐकत होतो ती हिरव्या काठाची खूण.

त्या रविवारी मला ओरडायची गरज नव्हती. कप दाखवायची गरज नव्हती. सगळ्या मंडळींच्या देखत मी फक्त माझा एक पाय पाण्यात टाकला असता, तर हौद बाटला असता. त्यांनी मला तिथंच तुडवलं असतं, पण मुलीला त्या पाण्यात कुणी उतरू दिलं नसतं. हौद उपसून, घासून पुन्हा भरायला तीन दिवस लागले असते. ज्या विटाळापायी पोर गेली, त्याच विटाळानं ती वाचली असती.

पायरी माझ्यापासून एक वीतभर लांब होती. आणि मी पाय मागं घेऊन उभा होतो.